साळुंख्यांची रेकॉर्ड कंपनी

रेकॉर्ड लावण्याआधी साळुंखे तिच्या कव्हरावरची सगळी नावं मोठ्यानं वाचत. गाणाऱ्या बाईचं, गिटार वाजवणाऱ्याचं, अगदी कव्हराचा फोटो काढणाऱ्याचंसुद्धा. "नावं न वाचता गाणं ऐकणं म्हणजे राव, वाढणाऱ्याकडं न बघता जेवून उठणं," असं ते म्हणत. मग सुई टेकवत आणि हात मांडीवर ठेवून बसत.

चाकणच्या एका कारखान्यात आम्ही बरीच वर्षं बरोबर होतो. ते प्रेस शॉपचे सुपरवायझर, मी स्टोअरमध्ये. कंपनीच्या बसमध्ये आमच्या जागा शेजारी. त्यांचं लग्न राहून गेलं होतं. कराडला एक बहीण आणि चिंचवडला दोन खोल्या, एवढाच संसार. घरात टीव्ही नव्हता. रेकॉर्डींचं कपाट मात्र होतं, आणि त्यातल्या सगळ्या रेकॉर्डी अमेरिकेतल्या एकाच छोट्या कंपनीच्या.

तरुणपणी कारखान्यानं त्यांना नव्या मशीनचं काम शिकायला काही महिने तिकडं पाठवलं होतं. गाव लहान. सुट्टीच्या दिवशी बोलायला माणूस नाही. असंच भटकताना टायरच्या दुकानामागच्या शेडमधून गाणं ऐकू आलं आणि हे दारात उभे राहिले. आत त्या रेकॉर्ड कंपनीचा मालक आणि त्याची बायको. त्यांनी बोलावलं, कॉफी दिली आणि रेकॉर्डींची खोकी भरायला बसवलं. तिथून पुढं साळुंख्यांचा प्रत्येक शनिवार त्या शेडमध्ये गेला.

त्या कंपनीचा इतिहास ते बसमध्ये सांगत. मोठ्या कंपन्या ज्यांना दारात उभं करत नसत, अशा गावातल्या माणसांची गाणी हा मालक काढायचा. पहिली रेकॉर्ड इस्पितळातले कपडे धुणाऱ्या एका विधवेची. स्टुडिओ नव्हता, म्हणून शाळेच्या रिकाम्या हॉलमध्ये रेकॉर्डिंग. बाहेरून ट्रक गेला की थांबायचं, पुन्हा पहिल्यापासून. शेवटी बाई दमली तेव्हा मालक म्हणाला, राहू दे ट्रक. घरी ती रेकॉर्ड लावली आणि गाण्यात ती जागा आली की साळुंखे बोट वर करत. "ऐका. आला." पुढं एक गाणं देशभर रेडिओवर वाजलं आणि तो गायक मोठ्या कंपनीनं उचलला. बसमध्ये गोष्ट इथवर आली की साळुंखे खिडकीबाहेर बघत. बसमधली पोरं तोवर कानात इअरफोन घालून झोपलेली असत.

निवृत्तीनंतर त्यांनी सोसायटीच्या हॉलमध्ये रेकॉर्डी ऐकवायचा बेत केला. स्वतः खुर्च्या मांडल्या. चौघे आलो, त्यातले दोघे पाण्याच्या टँकरची तक्रार घेऊन आले होते. साळुंख्यांनी त्यांचंही ऐकून घेतलं.

मागच्या वर्षी त्यांनी त्या गावच्या वाचनालयाला मेल पाठवला. त्यांनी तो पुढं धाडला आणि मालकाच्या मुलीचं उत्तर आलं. वडील आहेत, व्हिडिओ कॉल करा. "एकट्याला धीर होत नाही, तुम्ही या," साळुंखे मला म्हणाले. रविवारी सकाळी गेलो, तर इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते.

पडद्यावर खुर्चीत एक थकलेला म्हातारा दिसला, शेजारी मुलगी. "मी साळुंखे. इंडियातून आलो होतो. खोकी भरायचो," हे म्हणाले. म्हातारा नुसता बघत राहिला. मुलगी हळूच म्हणाली, "त्यांना आता काही आठवत नाही. स्वतःची कंपनीसुद्धा."

साळुंखे आता फोन ठेवतील असं मला वाटलं. पण त्यांनी विचारलं, "मग मी सांगू का?"

आणि त्यांनी सुरुवात केली. ती विधवा, शाळेचा हॉल, ट्रक. म्हातारा पुढं सरकून ऐकायला लागला. जरा थांबले की विचारायचा, "मग?" इतकं मन लावून साळुंख्यांचं कुणी ऐकलेलं मी पाहिलं नव्हतं. शेवटी म्हाताऱ्यानं विचारलं, "ती कंपनी अजून आहे?"

मुलीनं मान खाली घातली.

"आहे ना," साळुंखे म्हणाले. "जोरात चालू आहे."

मग दर रविवारी फोन होऊ लागला. म्हाताऱ्याला दर वेळी गोष्ट नवी. प्रश्न तोच, उत्तरही तेच. मी एकदा म्हटलं, "साहेब, खोटं कशाला सांगता?" ते म्हणाले, "विचारणारा कुठं उभा आहे ते बघून उत्तर द्यावं, राव."

पावसाळा संपता संपता एका रविवारी पडद्यावर मुलगी एकटीच आली. वडील गेले, एवढंच तिनं सांगितलं. साळुंख्यांनी तिचं सांत्वन केलं, लॅपटॉप मिटला आणि बसमध्ये कधीच न सांगितलेला भाग मला सांगितला. ते तिथं असतानाच मालकाची बायको वारली. त्यानंतर मालकानं रेकॉर्डिंगच्या मशीनला हात लावला नाही. भंगारवाला आला त्या दिवशी उरलेल्या रेकॉर्डी त्याच्या गाडीत दोघांनी मिळून भरल्या. मालक म्हणाला, तुला नेता येतील तेवढ्या ने. कपाटातल्या होत्या, त्या त्याच.

"कंपनी बंद पडली राव. तो दिवस बघितलेले आम्ही दोघंच होतो," साळुंखे म्हणाले. "आता मी एकटा."

मग ते चहा ठेवायला आत गेले.