लोणचं मुरायच्या आत

सैन्यातल्या बदल्या दिल्लीत ठरत नाहीत, आपल्या लोणच्याच्या बरणीत ठरतात, याबद्दल हवालदार गिरिधरची बायको प्रेमिला अगदी ठाम होती. हसणाऱ्यांनी खुशाल हसावं. भटिंड्याला तिनं हौसेनं आंब्याचं लोणचं घातलं, ते मुरायच्या आत जोरहाटचा हुकूम आला. जोरहाटला घातलं, तर झाशी. त्या वेळी बरणी ट्रकमध्ये कलंडली आणि गिरिधरच्या गादीला वर्षभर मोहरीचा वास येत राहिला. झाशीत तिनं भीतभीत अगदी लहान बरणी भरली, तर बदलीही लहानच झाली. त्याच वसाहतीत, पलीकडच्या रांगेतलं क्वार्टर मिळालं. आता बोला!

बाई तशी हिंमतीची. कुठल्याही गावी उतरली की दुपारपर्यंत गॅस, संध्याकाळपर्यंत दूधवाला आणि झोपायच्या आत भांडायला एक शेजारीण शोधून काढायची. तिचे पडदे कुठल्याच खिडकीला नीट बसले नाहीत, पण त्याचं तिला काही वाटत नसे. वाटायचं ते लेकीचं. काजल तीन गावांत तीनदा झाडांचं अन्न कसं तयार होतं ते शिकली. अपूर्णांक मात्र दर वेळी आधीच्या शाळेत व्हायचे राहिलेले आणि नव्या शाळेत होऊन गेलेले असत. आता कधी नव्हे ती नागपूरजवळ, कामठीला बदली मिळाली होती. सासर कुहीला, हाकेच्या अंतरावर. काजल दहावीत. प्रेमिलाला एवढं एक वर्ष इथून हलायचं नव्हतं, म्हणून यंदा लोणचं घालायचंच नाही असं तिनं ठरवून टाकलं.

आणि कुहीहून सासूबाई उतरल्या, एसटीतून पोतंभर कैऱ्या घेऊन.

"यंदा नाही घालत जी आई," प्रेमिला दारातच म्हणाली.

"काहून? जेवण सोडलं का तुम्ही?" रुख्मिणीबाईंनी पोतं आत ओढलं. कारण ऐकल्यावर त्या कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "मंग मी घालतो ना! माही कोण बदली करते? लगन झाल्यापासून कुहीतच आहो मी."

गिरिधरला हसू आवरेना. "दिल्लीचे साहेब तुह्या बरणीले विचारून हुकूम काढते का वं?"

"विचारत नसतीन," प्रेमिला म्हणाली. "पण निघते का नाही?"

गादीचा वास गिरिधरलाही आठवत होता. सासूबाईंनी घरातली सगळ्यात मोठी बरणी गळ्यापर्यंत भरली, तोंडाला फडक्याचा दादरा बांधला आणि कृतकृत्य होऊन संध्याकाळची गाडी पकडली. प्रेमिला मात्र त्या बरणीकडे पाहत बसली. सासूच्या हातचं लोणचं फेकणार कसं आणि घरात ठेवणार तरी कसं?

मार्ग काढला शेजारच्या दीक्षानं. ही जवळच्याच खापा गावची पोरगी, बीएस्सी झालेली, हसरी. तिचा नवरा प्रेमानंद सीमेवर होता, जिथं कुटुंब नेता येत नाही अशा ठिकाणी. पप्पा कुठं आहेत असं विचारलं की तिचा लहानगा मुलगा मोबाइलकडे बोट दाखवायचा. सगळे हसायचे, दीक्षाही हसायची आणि मग आत निघून जायची.

"ताई, बरणी मले द्या," ती म्हणाली. "तुमच्या घरी बदली नको, माह्या घरी पाहिजे. ठेवून तं पाहू."

बरणी भिंतीपलीकडे गेली. पण लोणचं ठेवलं आणि झालं, असं थोडंच असतं? ते हलवावं लागतं, आणि दीक्षाचा हात सदा ओला. त्यामुळे प्रेमिला रोज दुपारी कोरडा डाव घेऊन तिच्याकडे जाऊ लागली. लोणचं हलवून व्हायचं, मग चहा व्हायचा, मग सगळ्या वसाहतीचा समाचार घेतला जायचा. काजलही वही घेऊन मागोमाग यायची आणि दीक्षा तिला गणित शिकवायची. ते अडलेले अपूर्णांक अखेर त्या ओट्याशी सुटले. प्रेमिला इतकी खूश, की आपण रोज दुपारी कोणाचा मुक्काम हलवतो आहोत हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

लोणचं मुरायच्या आत हुकूम आला. प्रेमानंदची जबलपूरला बदली, कुटुंबासकट.

दीक्षा चप्पल न घालताच धावत आली आणि प्रेमिलाच्या गळ्यात पडली. "ताई, तुमची बरणी खरी निघाली वं!"

पुढचे दिवस प्रेमिलानं वसाहतीला आपली कला दाखवली. काचेची भांडी रजयांत, रजया पिंपात, पेट्यांवर नाव आणि गाव ठळक. बरणीचं तोंड तिनं कणकेनं लिंपलं आणि तिच्यासाठी ट्रकमध्ये अशी जागा शोधली, की ट्रक उलटला तरी ती कलंडू नये. "सांभाळजो. आणि हात कोरडा ठेवजो वं," ती दटावून म्हणाली. दीक्षानं मान हलवली.

ट्रक निघाला. मागोमाग स्टेशनला जायची रिक्षा निघाली. दीक्षाचा लहानगा मोबाइल उंच धरून "पप्पा! पप्पा!" ओरडत होता.

प्रेमिला फाटकाशी उभी होती आणि हातांचं काय करावं हे तिला कळत नव्हतं. आजवर ती नेहमी निघणाऱ्यांत असायची. भटिंड्याला, जोरहाटला, झाशीला अशाच बाया फाटकाशी उभ्या असणार. पेट्या मोजण्याच्या नादात तिनं कधी मागे वळूनसुद्धा पाहिलं नव्हतं. राहणं इतकं जड असतं हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. तिला रडू आलं, आणि पदर तोंडाला लावून ती तिथंच मनसोक्त रडली.

दुपारी सवयीनं डाव हातात घेऊन ती उठली. शेजारच्या दाराला कुलूप होतं. ती परत फिरली आणि तिनं कुहीला फोन लावला.

"आई, पुढच्या सालच्या कैऱ्या माह्यासाठी राखून ठेवा जी. काजलची दहावी झाली का बरणी भरतो."

"काहून? भेव गेलं का तुहं?"

"भेव कायचं? आमाले जबलपूरले जा लागते."