पाझरणाऱ्या माठांची खरेदी

केतकीचा फोन दुपारी आला. "काका, बाबा गेले... मतलब, झोपेतच," एवढंच ती बोलली. प्रभाकरची ही मुलगी जयपूरला वाढलेली, तिचं मराठी एरवीही अडखळतच चालतं. मी खुर्चीत बसलो, आणि खरं सांगतो, रडू येण्याआधी हायसं वाटलं. प्रभाकर सरोदेला इस्पितळातल्या नळ्यांची फार धास्ती होती. जेवून वामकुक्षीला पडायचं आणि कुणालाही त्रास न देता निघून जायचं, हे त्याला छान साधलं.

जयपूरच्या मानसरोवर वस्तीत आम्ही शेजारी होतो. मी विमा कंपनीतला, बदलीवर आलेला अधिकारी. तो नागपूरचा, हिशेब खात्यातला, शहराच्या खरेदी विभागात पाठवलेला. त्या खुर्चीवर बसायला लोक घाबरत, हा पठ्ठ्या मात्र खूश. "खरेदी तर करायचीच आहे बापा, मग या गावचीच चूल पेटवू ना!" शहरातल्या प्याऊंना, म्हणजे पाणपोयांना, दर उन्हाळ्यात एकच बडा कंत्राटदार कुठून तरी बाहेरून माठ आणून पुरवायचा. प्रभाकरनं ती एक मोठी मागणी वॉर्डावॉर्डात वाटून टाकली. अनामत इतकी कमी ठेवली की त्या त्या वस्तीतले कुंभारही निविदा भरू शकतील. माठ भरायचं आणि घासायचं काम त्याच गल्लीतल्या गरजू बायकांना. कचेरीत लोक हसले. त्यानं आपलं घोडं दामटलंच.

आणि पहिल्याच वर्षी सगळे माठ नामंजूर झाले! सरकारी कचेऱ्यांची जुनी खोड म्हणजे मागच्या निविदेचा कागद पुढे ओढायचा आणि वस्तूचं नाव तेवढं बदलायचं. प्रभाकरनंही तेच केलं होतं. मागची निविदा पोलादी टाक्यांची होती, त्यामुळे 'थेंबभरही पाणी झिरपता कामा नये' ही अट जशीच्या तशी माठांना लागली. भांडारपालानं इमानेइतबारे माठ भरून ठेवले, सकाळी प्रत्येकाखाली ओल पाहिली आणि शेरा मारला. प्रभाकरच्या शब्दावर कुंभारांनी भट्ट्या लावलेल्या, आणि जुना कंत्राटदार आयुक्तांच्या दाराशी हजर. संध्याकाळी प्रभाकर डोकं धरून बसला होता. त्याची बायको, सुमनवहिनी, मात्र पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. "अहो, माठ झिरपला नाही तर पाणी थंडं होईन कसं? नागपूरचे ना तुम्ही?" तो आधी चिडला. मग त्यालाही हसू आवरेना.

दुसऱ्या दिवशी त्याची स्कूटर रुसली म्हणून मी कचेरीत सोडायला गेलो, तर त्यानं मला थांबवूनच घेतलं. एकट्यानं जायचा धीर होत नसावा. भर दुपारी आयुक्तसाहेबांना त्यानं भांडारात नेलं आणि त्याच माठातलं पाणी दिलं. साहेबांनी पेला रिकामा केला, पुन्हा पुढे धरला. "सर, शर्त मैंने लिखी थी, गलती मेरी है," प्रभाकर म्हणाला. साहेबांनी मिशी पुसली. "तो शर्त काटिए, मटके क्यों काट रहे हैं?" त्याच दिवशी माठ गाड्यांवर चढले.

पुढचे उन्हाळे सुरळीत गेले. मग तो निवृत्त झाला, गुडघ्यांनी घरी बसवलं. मी पुण्याला परतलो होतो. यंदा खरेदीला नवा अधिकारी आला, प्लास्टिकच्या पिंपांची बोलणी ऐकू येऊ लागली, आणि प्रभाकरचा जीव खालीवर. "काय घेतलं बे त्यांनी? मले कोणी धड सांगतच नाही," तो फोनवर म्हणे. मला तरी काय ठाऊक? ते न कळताच तो गेला, याची रुखरुख लागून राहिली.

तेरावा झाल्यावर जयपूरला भेटायला गेलो. वहिनी शांत होत्या. "सुटले हो भाऊजी, मस्त सुटले," म्हणाल्या. निघालो आणि राजा पार्क या वस्तीत मुद्दाम रिक्षा थांबवली. कडुनिंबाखाली वाळूवर लाल माठांची रांग होती, वाळू ओलीगच्च. लांब दांड्याचा डाव घेऊन बसलेल्या बाईंना विचारलं, मटके कुठले? "यहीं के, बाबूजी, पिछली गली के. और कहाँ से आएँगे?" जीव भांड्यात पडला. त्यांनी पेला पुढे केला, मी नको म्हटलं. प्रभाकर प्याऊवर कायम ओंजळीनंच प्यायचा, इस्त्रीचा शर्ट कोपरापर्यंत भिजवून घ्यायचा आणि घरी बोलणी खायचा... मी वाकलो, ओंजळ धरली. पाणी गारेगार होतं. एक ओंजळ मी प्यायलो, आणि दुसरी त्याच्या वाटची.