वसुधाताईंचे बिनदाराचे उंदीर

"शोभा मॅडम, वसुधा मॅडमची किल्ली तुमच्याकडे असते ना? दार उघडत नाहीयेत…" कर्वेनगरहून ताईंच्या सोसायटीच्या वॉचमनचा फोन आला, तेव्हा मी दिवसभराच्या कामांची यादी करत होते. ती अर्धवट टाकून निघाले. कुलूप काढलं आणि थेट आत घुसले. ताई झोपेतच गेल्या होत्या. त्याला आता दोन महिने होत आले.

असं थेट घुसणं ताईंना खपायचं नाही. आमच्या प्रयोगशाळेत उंदरांच्या खोलीत शिरतानाही त्या दारावर बोटानं दोनदा टकटक करायच्या. उंदीर दचकले की त्यांचं रक्त खरं बोलत नाही, असं त्यांचं म्हणणं. मी तिथे खाद्य, भुसा, पिंजरे यांची व्यवस्था बघते. नवीन असताना विचारलं होतं, या उंदरांत असं वेगळं काय आहे? "अगं, यकृताच्या पेशींवर दारं असतात. रक्तातलं कोलेस्टेरॉल त्यांतून आत जातं आणि पित्तावाटे बाहेर पडतं. यांच्या जनुकात फेरफार करून आपण ती दारंच काढून टाकलीत. मग ते बिचारं रक्तातच फिरत बसतं." ती दारं पुन्हा बसवली तर रक्त कितपत निवळतं, हे पाहण्यात ताईंची उमेदीची वर्षं गेली. आमच्यात त्या उंदरांचं नाव पडलं 'बिनदाराचे'. मी मागणीपत्रावरही सवयीनं लिहून बसले, 'पिंजरे, बिनदाराचे'. खरेदी विभागातून फोन आला, "मॅडम, दार नसलेले पिंजरे बाजारात मिळत नाहीत. तुमचे उंदीर सांगून सवरून बाहेर जातात का?" ताई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

त्या एकट्या राहायच्या, मीही एकटी. एकमेकींकडे जादा किल्ली ठेवायची सूचना अर्थातच माझी. दर रविवारी त्या माझ्याकडे जेवायला यायच्या. एकदा मिक्सरच्या आवाजात टकटक ऐकू आली नाही, तर किल्ली हातात घेऊन बाहेरच ताटकळत राहिल्या.

"अहो, किल्ली होती ना तुमच्याकडे?"

"किल्ली आत यायला असते. टकटक असते ती आतल्या माणसासाठी. तुला उंदरांपेक्षा कमी मान देऊ का?"

गेल्या आठवड्यात त्यांच्या भाच्यानं घर रिकामं केलं. मी त्यांची किल्ली त्याला दिली, त्यानं ताईंच्या पर्समधली माझी मला दिली. आता माझ्या घराच्या दोन्ही किल्ल्या एकाच खिळ्याला लटकतात. 'जादा किल्ली कोणाकडे?' असं यादीत लिहून ठेवलंय. पुढे नाव सुचत नाही…

रविवारची चटणी मात्र मी हल्ली सकाळीच वाटून ठेवते. जेवायच्या वेळी मिक्सर लावत नाही.