नाल्यातला शेंदूर
ओल्या लोखंडाचा वास आला की मला आमच्या चांद्याकडच्या गावचा नाला आठवतो. मी तेव्हा तिसरीत होते. नाल्याच्या वरच्या अंगाला कोळशाची उघडी खदान सुरू झाली होती आणि तिथं साचलेलं पाणी नाल्यात सोडत. एका उन्हाळ्यात नाल्यातले दगड शेंदरी झाले. पाणी काचेसारखं नितळ, पण त्यात मासा नाही, बेडूकसुद्धा नाही. आमच्याकडे मातामायच्या दगडाला शेंदूर लावतात, म्हणून बायका म्हणाल्या, देवी नाल्यात आली. काकूचं पोर तापानं फणफणलं होतं. तिनं तीर्थ म्हणून त्या पाण्याचा तांब्या भरला. आई ओरडली, "काऊन वं, म्हैस तोंड लावत नाई त्या पाण्याले, अन् तू लेकराले पाजून राह्यली?" काकू म्हणाली, "म्हशीले देव समजते का, बाई? तुमी बी तिच्याच शाळेतल्या दिसता." बायका हसल्या. काकूनं तांब्या पोराच्या तोंडाला लावला. दुसऱ्या दिवशी पोराचा ताप उतरला. तो तसाही उतरला असता. पण मग सगळं गाव घागरी घेऊन नाल्यावर गेलं, आणि आई सगळ्यांच्या पुढं होती. तिनं पहिली ओंजळ मला पाजली. माझे दात आंबले. मी म्हणाले, "आंबट हाये." तो शेंदूर नव्हता, खदानीच्या पाण्याचा गंज होता, हे मला आता कळतं. तेव्हा आई म्हणाली, "तीर्थ हाये, गिळ," आणि मी गिळलं.