आखूड दोर

माझे दीर मनोहरभाऊजी झाडाखाली सापडून गेले.

ते झाड त्यांनीच आपल्या अंगावर ओढून घेतलं होतं.

आज त्यांचा स्मृतिदिन. चाळीस वर्षं होत आली. सकाळी मेणबत्ती लावली, वंदना घेतली आणि लिहायला बसले. मला फेसबुकवर लिहायची सवय नाही. दुसऱ्यांचं वाचते, तेवढंच.

पण परवा फॅमिली ग्रुपवर एक फोटो आला.
वादळात मोडलेल्या कडुनिंबाखाली आमचे जावई उभे. हातात भाड्याने आणलेली कटर मशीन. खाली लिहिलेलं, "रविवारी आपणच पाडू. व्हिडिओ पाहून घेतला."

सगळ्यांनी अंगठे पाठवले.

जावयांना तोंडावर बोलायचं कसं? म्हणून इथे लिहिते.

तेव्हा आम्ही ब्रह्मपुरीजवळच्या खेड्यात राहायचो. भाऊजी सगळी कामं घरच्या घरी करायचे. पावसाळ्याआधी छपरावरचे कवेलू, म्हणजे कौलं, फेरायचे ते. सायकलचं पंक्चर काढायचे ते. रेडिओ खरखरला की उघडून बसायचे तेच.

"माहा मनोहर असला की मजूर लागत नाई," सासूबाई गावभर सांगायच्या.

आणि खरंच, त्यांच्या हातून कधी काही बिघडलं नाही.
तेच वाईट झालं.

त्या वर्षी पावसाच्या सुरुवातीला वादळ आलं. आमच्या धुऱ्यावरचं, म्हणजे दोन शेतांच्या मधल्या बांधावरचं, येनाचं झाड थोडं कललं. कललं ते गंगाबाईच्या बांधीकडे, म्हणजे धानाच्या शेताकडे.

गंगाबाई ढिवराची. एकटी बाई. तळ्यात मासे धरायची आणि एवढीशी बांधी कसायची. झाडाच्या बरोबर खाली तिचे पऱ्हे होते, रोवणीसाठी टाकलेली धानाची रोपं. ते चेंदले असते तर तिचं वर्ष गेलं असतं.

म्हणून भाऊजींनी ठरवलं, झाड आपल्या बांधीत पाडायचं.

तेच वर चढले, दोर बांधून आले. विहिरीचा दोर. ह्यांनी, म्हणजे माझ्या मालकांनी, कुऱ्हाड घेतली. आमच्या बाजूला भाऊजी आणि गावातले दोघं दोर धरून उभे राहिले.

गंगाबाई पलीकडून ओरडली, "मनोहर बापू, माह्या पऱ्ह्यावर पाडशीन तं तुलेच लुगडं नेसवून रोवाले लावीन!"

"लुगडं हिरवं आन जो मावशी," भाऊजी म्हणाले. "मले हिरवं शोभते."

सगळे हसले. शिदोरी घेऊन गेलेली मीही हसले.

बारीक पाऊस होता. दोर ओला, हातातून सटकत होता. भाऊजींनी त्याचं टोक कमरेला गुंडाळलं आणि गाठ मारली.

ह्यांनी विचारलं, "काऊन रे, दोर लहान तं नाई पडत?"

"हाती आला ना भाऊ, मंग बस झाला!"

एवढंच बोलणं झालं. दोर हातात आला का, ते पाहिलं. झाडाचा शेंडा कुठवर येईल, ते कोणी पाहिलं नाही.
उभं झाड डोळ्याला लहानच दिसतं. किती लांब आहे ते आडवं झाल्यावर कळतं.

कडकड झालं तसे ते दोघं दोर टाकून पळाले.
भाऊजींना गाठ सुटेना.

झाड ठरवलं होतं तिकडेच पडलं. आमच्याच बांधीत.

बैलबंडी जुंपून त्यांना घेऊन ब्रह्मपुरीच्या दवाखान्याकडे निघालो. गावाची शीव ओलांडायच्या आतच ते गेले.

गंगाबाई चिखलात बसून राहिली होती. कोणालाच उद्देशून नाही, अशी म्हणत होती, "पऱ्हे तं मी दारोदार मांगून आनले असते रे बापू. तुले आता कोनाच्या दारातून आनू?"

ह्यांनी ती गोष्ट जन्मात कोणाजवळ काढली नाही. मी मात्र पुष्कळ विचार केला.

भाऊजी चांगुलपणा करायला गेले होते. अंगात ताकद होती, डोकं होतं. पण झाड पाडणं ते शिकले नव्हते. कवेलू फेरताना चुकलं तर कवेलू फुटतो. सायकल बिघडली तर पुन्हा खोलता येते. झाडाच्या कामात दुसऱ्यांदा करून पाहायला मिळत नाही.

जंगलात कटाईवर जाणारी माणसं आमच्या गावातही होती. निरोप दिला असता तर बाजाराचा दिवस साधून आली असती. पण सरावलेला माणूस घरातच आहे, असंच सगळ्यांना वाटत होतं.

जावईबापू, तुम्हीही तसेच आहात. घरातला पंखा, नळ, सगळं स्वतः करता. मुलीला त्याचा किती अभिमान आहे, मला माहीत आहे. म्हणूनच भीती वाटते.
मशीन परत करून या. रोज झाडं उतरवणारा माणूस बोलवा. तो येईपर्यंत झाडाखाली कोणी जाऊ नका.
सासू चिकट आहे, हे तुम्ही जाणता. तीच सासू सांगते, इथे काटकसर करू नका.

एक सांगायचं राहिलं.

त्या वर्षी गंगाबाईचं धान चांगलं पिकलं. नव्या तांदळाचं पहिलं टोपलं डोक्यावर घेऊन ती आमच्या दारात आली. सासूबाईंनीच टोपलं उतरवून घेतलं आणि चूल पेटवली.

घास उतरत नव्हता. पण तो तांदूळ टाकणार कसा?
सगळे जेवलो. गंगाबाईलाही पंगतीत बसवलं.

भाऊजी, तुमच्या वहिनीचं तुम्हाला मनापासून वंदन.