एक्केचाळीस नाण्यांची लगड

शफी कल्हईवाला शाळेतल्या मास्तरांच्या लक्षात पहिल्यांदा आला तो त्याच्या कानामुळे. शाळेचा पितळी हंडा कल्हईला काढला होता आणि हेडमास्तरांनी नागपुराहून मुद्दाम छापाचं कथील मागवलं होतं. शफीने कांडी हातात घेतली, छापाकडे पाहिलंसुद्धा नाही. कांडी कानाशी नेली आणि हळूच वाकवली. बारीक कुरकुर ऐकू आली.

"रडते," तो म्हणाला. "म्हणजे खरी आहे."

कथलात शिसं मिसळलेलं असलं की ते वाकवताना गप्प राहतं, ही गोष्ट सातवीच्या मुलांना त्या दिवशी शफीकडून कळली. मुलं दुपारभर भट्टीभोवती बसून होती. त्यांच्यात शफीची आफ्रीनही होती, पण तिने कुणाला सांगितलं नाही की हे माझे अब्बा आहेत. शफीनेही ओळख दाखवली नाही. जाताना मात्र तिच्या पाण्याच्या बाटलीचं सैल झाकण घट्ट बसवून दिलं.

वरोऱ्यात आता घरोघरची भांडी कल्हईला येत नाहीत. शफीचं पोट चालतं ते लग्नाच्या देगांवर. वरोऱ्यापासून बल्लारपूरपर्यंत जेवणावळी करणाऱ्या आचाऱ्यांच्या मोठमोठ्या तांब्याच्या देगा त्याच्याकडे येतात. हंगामात हातात पैसा खेळतो आणि पावसाळ्यात भट्टी थंड असते. आफ्रीन आठवीत गेली तेव्हा तिने घरात सांगून टाकलं की तिला नर्स व्हायचंय. सरकारी दवाखान्यात तिच्या आजीचं ड्रेसिंग करणाऱ्या एका सिस्टरचा हात तिने पाहिला होता. "अम्मी, तिने पट्टी काढली तं दादी झोपूनच होती," ती सुरय्याला सांगत राही.

शफीने ते मनावर घेतलं. घरात ठेवलेला पैसा राहत नाही आणि खात्यात टाकलेला काढायला मोह होतो, हे त्याला स्वतःबद्दल ठाऊक होतं. धातू मात्र त्याला कळत होता. तो चिंतामण सराफाच्या दुकानात गेला.

"भाऊ, चांदी घ्यायची आहे. पोरीसाठी. नाणं घेऊ का लगड?"

सराफाने दोन्ही काउंटरवर ठेवलं. एका पाकिटात दहा ग्रॅमचं नाणं, दुसऱ्यात शंभर ग्रॅमची लगड, म्हणजे चांदीची सपाट कांब. "लगडीवर घडणावळ कमी लागते, वजनामागे स्वस्त पडते. पण एकदम पैसा लागतो, आणि अर्धी मोडतो म्हटलं तर मोडता येत नाई. नाणं जरा महाग पडते, पण महिन्याले एक घ्या, लागलं तेव्हा एकच विका. नवीन माणसाने नाण्यापासून सुरू करावं. आणि शफीभाऊ, पाकीट फोडू नका, बिल हरवू नका."

शफीने तिथल्या तिथे पाकीट फोडलं.

"अरे, आत्ता काय सांगितलं मी?"

"हात लावल्याशिवाय मले पटत नाई, भाऊ." त्याने नाणं बोटाच्या टोकावर तोललं आणि नखाने टिचकी मारली. नाणं लांबवर वाजत राहिलं. शफी हसला. "चांगली आहे."

"मग मी काय पत्रा विकून राह्यलो का इथी?" सराफ म्हणाला.

चार वर्षं दर महिन्याला एक नाणं घरात येत राहिलं. पावसाळ्यात कधी खंड पडे, हंगामात दोन येत. सुरय्या ती गव्हाच्या डब्याच्या तळाशी ठेवी. पण नाण्याची एक खोड होती. ते देण्याच्या मापाचं होतं. तहसीन म्हणजे सुरय्याची धाकटी बहीण. तिच्या बाळाचा अकिका झाला. त्यात बाळाचं जावळ काढून तोलतात आणि तितक्या वजनाची चांदी गरिबाला देतात. जावळ कापसासारखं हलकं, पण घरातून नाणं अख्खं गेलं. मग नणंदेच्या नातवाचा अकिका. मग एका लग्नात आहेर. मागणाऱ्याला नाही म्हणणं सुरय्याच्या स्वभावात नव्हतं, आणि ज्याने मागितलं त्याच्या घरून कधीतरी आपल्याकडेही आलेलं असे. सात नाणी गेली तेव्हा शफीने डबा पालथा केला आणि उरलेली मोजली. एक्केचाळीस.

"असंच चाललं तं पोरीच्या वाट्याले डबाच येईन," तो म्हणाला.

"मग मी काय दारात आलेल्याले परत पाठवू?"

"नको पाठवू. देता येणार नाई असंच करतो."

त्याने भट्टी पेटवली. वडिलांची जुनी मूस काढली, म्हणजे धातू वितळवायची मातीची वाटी. पंखा फिरवून निखारे पांढरे होईपर्यंत फुलवले, आणि एकेक नाणं मुशीत सोडलं. शिक्के, अक्षरं, शुद्धतेचे आकडे सगळे विरघळून गेले. लोखंडी साच्यात ओतून त्याने एक लगड केली. थंड झाल्यावर ती जरा मळकट दिसली. राखेने घासू कधीतरी, असं म्हणून त्याने ती कपड्यात गुंडाळली. सुरय्याने उचलून पाहिली. एवढा गोळा कुणाच्या बाळाच्या जावळासाठी कुणी मागणार नव्हतं. शफीला त्या रात्री छान झोप लागली. दुसऱ्याची कांडी कानाशी नेणाऱ्या या माणसाने आपली लगड एकदाही वाजवून पाहिली नाही. ती त्याच्या हातची होती.

बारावीनंतर आफ्रीनला चंद्रपूरच्या एका खासगी नर्सिंग कॉलेजात जागा मिळाली. निरोप गुरुवारी दुपारी आला. पहिला हप्ता शुक्रवारी पाच वाजेपर्यंत भरायचा, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला.

शफी लगड घेऊन चिंतामण सराफाकडे गेला. सराफाने कपडा उघडला आणि लगड उलटीपालटी करून पाहिली.

"शफीभाऊ, हे काय करून टाकलं?"

"तुमचीच नाणी आहेत. एक्केचाळीस."

"नाणी आणली असती तं आत्ताच्या आत्ता घेतली असती. याच्यावर ना शिक्का ना आकडा. घरी वितळवलेला माल कोणता असते, माहीत आहे ना? चोरीचा. आमाले पोलिसाची चौकशी लागते."

"बिलं आहेत माझ्याजवळ."

"बिलं नाण्यांची आहेत. नाणी कुठी आहेत?"

सराफाने लगड परत गुंडाळून त्याच्या हातात दिली. "मी तुमाले ओळखतो. पण मी ओळखून उपयोग नाई. चंद्रपूरले सराफ्यात जा, तिथी तपासून घेणारे आहेत."

शुक्रवारी सकाळी बाप-लेक चंद्रपूरला उतरले. आफ्रीनच्या हातात कागदपत्रांची फाईल, शफीच्या पिशवीत लगड. पहिल्या दुकानात नकाराची मान हलली. दुसऱ्या दुकानात मालक जेवायला गेले होते असं नोकराने सांगितलं, आणि आत मालक वर्तमानपत्र वाचताना दिसत होते. तिसऱ्या दुकानातल्या माणसाने लगड हातात घेऊन शफीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"कुठून आणली?"

"माझी आहे."

"तेच विचारलं. कुठून आणली?"

आफ्रीनने फाईल उघडून बिलं काउंटरवर मांडली, एकावर एक, तारखेने लावलेली. तो माणूस बिलांकडे न बघता म्हणाला, "पोरीले काऊन घेऊन फिरून राह्यले असल्या कामात?"

शफीने बिलं गोळा केली. एक खाली पडलं, ते वाकून उचललं. सराफा बाजाराच्या उन्हात उभं राहून त्याने घड्याळ पाहिलं. साडेबारा. कपाळावरचा घाम त्याने त्याच कपड्याने पुसला ज्यात लगड गुंडाळली होती.

"अब्बा, पाणी प्या."

"नंतर पितो."

गल्लीच्या टोकाला गलाईचं दुकान होतं, सोनं-चांदी गाळून शुद्ध करून देणारं. मालक आनंदा, सांगलीकडचा. त्याने काही विचारलं नाही. लगड घेतली आणि समोरच्या दगडी फरशीवर हातभर उंचीवरून टाकली.

बद्द.

आनंदा काही बोलायच्या आधीच शफीला कळलं होतं. मातीचा गोळा पडावा तसा आवाज. नाण्यासारखं काही वाजलं नाही, मागे नाद राहिला नाही. तो खाली बसला.

"मूस कुठली वापरली, पाव्हणं?"

"बापाची."

"काय वितळवायचे त्यात?"

शफी म्हणाला, "कथील."

आनंदाने लगडीचं टोक ऐरणीवर धरून हलकेच हातोडी मारली. चांदी वाकते. ही वाकली नाही. टोक मोडून बाजूला पडलं, आतून करडं आणि दाणेदार. "मुशीच्या अंगात मुरलेलं कथील समदं हिच्यात आलं. थोडं जरी शिरलं तरी चांदी ठिसूळ व्हती. पण बुडाली न्हाई तुमची. दोन दिवस द्या, गाळून देतो. बहुतेक समदी हाताला येईल."

"आज पाच वाजेपर्यंत पाहिजे."

"आज न्हाई व्हायचं. सोमवारी या."

आफ्रीन बाहेर जाऊन कॉलेजला फोन करून आली. मुदत वाढवून मिळाली नव्हती. "पुढच्या वर्षी भरू ना, अब्बा," ती म्हणाली. "मी घरी शिकवण्या घेईन."

शफी लगडीच्या मोडलेल्या टोकाकडे बघत राहिला. या मुलीच्या नावाने आपण चार वर्षं काय काय नाकारलं, ते त्याला एकदम दिसायला लागलं. मोपेडचं टायर, सुरय्याचा चष्मा, ईदचे कपडे. आणि शेवटी आपल्याच हाताने, आपल्याच भट्टीत. कुणी फसवलं असतं तर निदान कुणाचं नाव घेता आलं असतं.

"आत्ता, आहे तशी घेता का?" त्याने विचारलं.

"घेईन. पण आत किती काय हाय हे गाळल्याशिवाय मलाही कळायचं न्हाई. नुकसान माझं हुईल एवढं धरून भाव देणार. निम्म्याच्या जरा वर. सोमवारी आलासा तर पुरं मिळंल. मी सांगतोय, विकू नका."

"तुमी खरं सांगून राह्यले, भाऊ, ते समजलं मले," शफी म्हणाला. "द्या."

आनंदाने टोकासकट वजन केलं. सांगितल्यापेक्षा त्याने थोडे जास्तच पैसे दिले. तरी ते हप्त्यापुरतेच झाले. होस्टेलसाठी धरलेलं सगळं त्या फरशीवर राहिलं. पावणेपाचला कॉलेजात आफ्रीनच्या हातात हप्त्याची पावती पडली. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "होस्टेलचा फॉर्म?" आफ्रीन म्हणाली, "नाही, मी घरून येईन." शफी मागे उभा होता. त्याने मान फिरवून दुसरीकडे पाहिलं.

घरी आल्यावर सुरय्याने विचारलं, "किती आले?" तो म्हणाला, "पावती आली." दुसऱ्या दिवशी तो बल्लारपूरला देगा करायला गेला, आणि त्या दिवशी त्याने कथलाची कांडी कानाशी नेली तेव्हा आवाज येऊनही तो बराच वेळ ती तशीच धरून बसला होता, असं आचाऱ्याच्या बायकोने नंतर सांगितलं.

मूस त्याने फेकली नाही. कथलासाठी ती अजून चांगली आहे.

आफ्रीन आता दुसऱ्या वर्षाला आहे. रोज सकाळच्या गाडीने वरोऱ्याहून चंद्रपूरला जाते आणि संध्याकाळी परत येते. गाडी चुकली तर त्या दिवसाची वॉर्डातली हजेरी बुडते, म्हणून शफी तिला मोपेडवर स्टेशनला सोडतो आणि गाडी हलेपर्यंत थांबतो. तो आता चांदी घेत नाही. महिन्याच्या पाच तारखेच्या आत आफ्रीनचा रेल्वेचा पास काढतो.