आबारावांची जोडनळी

माझे धाकटे दीर आबाराव यांनी जन्मात होल्यासारखं साधं पाखरू मारलं नाही, पण खांद्याला बंदूक लावल्याशिवाय कधी वेशीपर्यंत गेले नाहीत. बंदूक सासऱ्यांची. निजामाच्या राज्यात कुण्या जहागीरदारानं खूश होऊन दिलेली. दोन नळ्या शेजारी शेजारी, म्हणून घरात तिचं नाव जोडनळी. शिलंगणाला, म्हणजे दसऱ्याला, गावाबाहेर शमीची पूजा झाली की पहिला बार आमच्या घरचा, हा मान. आबारावांचं बाकी कर्तृत्व शोधून सापडायचं नाही. बहात्तरच्या दुष्काळात सगळं गाव बेंबळीच्या वाटेवर खडी फोडत होतं. आबारावही यायचे, पण हातोडा उचलायच्या आधी वाघाच्या शिकारीची गोष्ट सांगायचे. वाघ दर खेपेला हातभर वाढायचा.

त्या दिवसांत बंदुकीकडं कोण बघतंय? दोन दसरे बार उडालाच नाही. चापाची स्प्रिंग तुटली, लाकडी दस्ता चिरला. तिसऱ्या साली आमच्या सोसायटीचे चेअरमन बंडप्पा नवीकोरी एकनळी घेऊन आले आणि पारावर सगळ्यांदेखत म्हणाले, "आबाराव, यंदा तुमचा बार वाजला तर वाजला. न्हायतर मान माझ्याकडं."

"वाजंल की! तुमच्या एकनळीला भितंय कोण?" आबाराव म्हणाले. आणि घरी येऊन न जेवताच आडवे झाले. त्या बाराशिवाय गावात आपल्याला कोण विचारतंय, हे त्यांनाही ठाऊक होतं.

सोलापुराहून वीरप्पा नावाचा बंदुकीचा कारागीर बोलावला. त्यानं ओसरीवर बसून नळ्या दस्त्यापासून सोडवल्या, सुतळीला टांगल्या आणि लाकडाच्या ढलपीनं हळूच ठोकून बघितलं. बाजारात आम्ही मडकं वाजवून घेतो, तसंच. आवाज देवळातल्या घंटेगत लांबला.

"नळ्या सलामत हैत," तो म्हणाला. मग उजेडाकडं धरून आतून न्याहाळल्या. "आत जरा खड्डे पडल्यात, पर काळ्या दारूचा हलका बार सोसतील. वरची ही नागमोडी नक्षी गंज न्हाय बरं का. लोखंडाच्या पट्ट्या पिळून नळी वळवलीया. घासू नका. आन विस्तवाजवळ तर नेऊच नका. फुटक्या भांड्याला देतात तसा डाक देऊन दोन्ही नळ्या जोडल्यात."

चाप आणि दस्ता दुरुस्तीला तो घेऊन गेला. नळ्या घरी राहिल्या. तिथंच घात झाला.

बंडप्पाची बंदूक काळीभोर चकाकायची. आबाराव आपल्या नळ्यांवरून हात फिरवत तोंड वाकडं करायचे. "शिलंगणाला ही खरूज मिरवू व्हय?" कारागीर ज्याला नक्षी म्हणाला, ती आबारावांना खरूज दिसत होती.

दसऱ्याच्या तोंडावर घरोघरची तांब्यापितळेची भांडी कल्हईला निघतात. कल्हईवाल्या गुलाबनं चावडीपुढं भाता मांडला. आम्ही बायका पातेली, पराती घेऊन ओळीत. आणि आमच्या मागं आबाराव, उपरण्यात नळ्या गुंडाळून.

"काय वो भावजी, आज यात काय शिजवायचं?" शेजारच्या सरुबाईनं विचारलं.

मी म्हणाले, "भावजी, कारागिरानं इस्तू नको म्हणून बजावलंय."

"वैनी, तुमी पातेलं सांभाळा. बंदुकीचं आमाला ठावं."

गुलाब बिचारा हात जोडत होता, "मालक, हे माझं काम न्हाय."

"अरं, खरकटं पातेलं चांदीवानी करतूस, मग नळी का न्हाय? लाव भाता!"

भाता लागला. नवसागराचा पांढरा धूर निघाला. नळ्या खरंच जराशा चकाकल्या आणि आबारावांचा हात मिशीकडं गेला. मिशीला तो पोचायच्या आत नळ्यांमधली पट्टी अळीसारखी वाकली, डाक पाण्यागत ओघळला आणि दोन नळ्या दोन बाजूंना घरंगळल्या.

"घ्या," सरुबाई म्हणाली, "चेअरमनची एकच, आमच्या भावजींच्या दोन झाल्या!"

वीरप्पा दुरुस्त दस्ता घेऊन आला आणि नळ्यांकडं बघतच राहिला. "हे कसं झालं?"

"औंदा ऊन लई हाय," आबाराव म्हणाले.

"आन उन्हानं कल्हई बी केली व्हय?"

त्यानं नळ्या नेऊन परत जोडल्या, दसऱ्याच्या आदल्या दिवशी आणून टांगल्या आणि ठोकल्या. चिरलेल्या मडक्यासारखा बद्द आवाज आला. "आता ह्यांच्यावर भरवसा न्हाय. भिंतीला लावा. बार भरला तर आधी तुमचा हात जाईल."

शिलंगणाला आबाराव ती बंदूक घेऊन गेलेच. दिसायला नवरीसारखी. शमीची पूजा झाली, बंडप्पांनी आपली एकनळी भरली. इतक्यात आबाराव पुढं झाले, हात वर केला आणि ओरडले, "थांबा! घराण्याचा मान हाय. मी हुकूम दिल्याबिगर बार उडायचा न्हाय!"

मला वाटलं, आता हसं होणार. पण सोसायटीची निवडणूक महिन्यावर आली होती आणि आमच्या भावकीची मतं थोडीथोडकी नव्हती. बंडप्पा गोड हसून म्हणाले, "मग द्या की हुकूम, आबाराव."

आबारावांनी हात खाली केला. बार उडाला.

तेव्हापासून दर दसऱ्याला तेच. बंदूक बंडप्पाची, दारू बंडप्पाची, चाप ओढणारं बोटही बंडप्पाचं. घरी येऊन मात्र आबाराव म्हणायचे, "वैनी, औंदा बार झकास काढला." आणि तिकडं शमीपुढं हात खाली आला रे आला, की साऱ्या गावाच्या आधी दोन्ही कान गच्च दाबून घ्यायचे तेही हेच.